१८३८ चा तुरुंग-शिस्तीचा अहवाल : साधन म्हणून परीक्षण

कंपनी सरकारनें १८३६ सालीं नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीचा अहवाल १८३८ त सादर झाला. मेकॉले हा समितीचा एक सभासद होता. बंदिवानांकडून सडकांचीं कामें करवून घेण्याची चाल तेव्हां सर्रास होती. ती मोडावी अशी अहवालाची शिफारस आहे. एवढ्यावरून त्यास बंदिवानांच्या श्रमांवरील पहिली कायदेशीर मर्यादा समजण्याचा मोह होतो. आमच्या मतें हें वाचन टिकणारें नाहीं.

अहवालाचा मुख्य आक्षेप सडकेचें काम कठोर आहे असा नसून तें पुरेसें जाचक नाहीं असा आहे. उघड्यावर बंदिवान लोकांत वावरतो, शिक्षेची जरब उरत नाहीं; सबब त्यास भिंतीआड ठेवून कंटाळवाणें, एकसुरी काम द्यावें, हा त्याचा रोख. चालू वहिवाटीची साक्ष म्हणून हा कागद मोलाचा खरा. पण त्यांतील मर्यादा शिक्षेच्या परिणामासाठीं आहे, बंदिवानाच्या हक्कासाठीं नव्हे. शिवाय शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

खऱ्या मर्यादा पुढें आल्या. १८६० च्या दंडसंहितेनें सक्तमजुरी व साधी कैद असा भेद केला. १८९४ च्या तुरुंग-कायद्यानें मजुरीच्या कैद्यास, निकडीचा प्रसंग व अधीक्षकाची लेखी मंजुरी नसेल तर, दिवसास ९ तासांहून अधिक काम देण्यास मनाई केली. साध्या कैदेच्या बंदिवानास काम त्याच्या इच्छेवर ठेविलें. १९३० च्या आंतरराष्ट्रीय सक्तश्रम करारानें न्यायालयानें दोषी ठरविलेल्याचेंच श्रम अपवादांत धरले. तेहि सरकारी देखरेखीखालीं, खासगी व्यक्तीच्या वा कंपनीच्या हवालीं न करतां. हा करार भारतानें १९५४ त मान्य केला. संविधानाच्या २३ व्या कलमानें बिगार निषिद्ध ठरविली. आणि १९९८ त सर्वोच्च न्यायालयानें, सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेणें घटनाबाह्य नसलें तरी त्यास वाजवी वेतन दिलें पाहिजे, असा निर्णय दिला.

हा क्रम ध्यानांत न घेतल्यास जुन्या कागदांचा अर्थ बिघडतो. महाबळेश्वरचा चिनी व मलायी बंदिवानांचा तुरुंग १८६४ पर्यंत होता, व तेथील बरेच रस्ते त्यांच्या हातचे, असें सातारा गॅझेटियरांत आहे. अशा नोंदीवरून काम झालें हें कळतें. तें कोणत्या अधिकारानें झालें हें कळत नाहीं. म्हणून असा कागद छापतांना संपादकानें चार गोष्टी पाहाव्या : शिक्षा न्यायालयाची होती काय, कैद कोणत्या प्रकारची, पहारा व ताबा कोणाचा, आणि श्रमाचा मोबदला काय. कच्चे कैदी, साधे कैदी, सक्तमजुरीचे कैदी व बिगारी हे चौघेहि हजिरीच्या कागदांत एकाच रकान्यांत बसूं शकतात. कायद्याच्या दृष्टीनें त्यांच्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

सडकेचा खर्च किती वांचला हें जमाखर्चांत सहज सांपडतें. ज्यांच्या श्रमानें तो वांचला, त्यांच्यावर हें काम कायद्यानें लादतां येत होतें काय, हा प्रश्न मात्र संपादकानें विचारल्याशिवाय कागद आपण होऊन बोलत नाहीं. प्रस्तुत अहवालहि त्यास अपवाद नाहीं.