सांगाडा कोणाचा, सौंदर्य कोणाचे?

हौशी छायाचित्रकाराला रोजच्या जगण्यात विचित्र, भयाण रूपे सापडतात आणि तो त्यांना कला म्हणतो. गडहिंग्लजमधील आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाईलवर टिपलेली अशी छायाचित्रे नुकतीच पाहण्यात आली. एकात शेतातले बुजगावणे आहे: डोक्याच्या जागी काळे मडके, अंगात फाटका सदरा. दुसऱ्यात हिरण्यकेशीच्या काठावर बैलाचा सांगाडा. फासळ्यांतून मावळता सूर्य.

पहिले चित्र मला खरे वाटले. त्या सदऱ्यात राबून गेलेला मजूर दिसतो. दाद मात्र दुसऱ्याला मिळाली आणि मी अस्वस्थ झालो. आमच्या आजा-पणज्यांना तो सांगाडा विचित्र वाटला नसता. मेलेली गुरे ओढणे हे त्यांच्यावर लादलेले काम होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची हाक दिली, ती या जिण्यातून माणूस बाहेर काढण्यासाठी.

मग हे भयाण कोणाला वाटते? ज्याने ते कधी खांद्यावर वाहिले नाही त्याला. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. घाण तेथेही आहे. पण तीत उतरलेला माणूस चौकटीबाहेर राहत नाही.

हौशी कॅमेऱ्याला आमचा नकार नाही. आमच्या मुलांच्या हाती तो आला, हे मोलाचेच आहे. पण सांगाडा टिपताना तो ओढणारे हात कोणाचे, हा प्रश्न चित्रात उरला पाहिजे. तो प्रश्न पुसून टाकणारे सौंदर्य म्हणजे विटाळाचीच नवी आवृत्ती होय.