बारगीराचा हात

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 1751 च्या सुमारास एक काव्य रचले. त्याचे नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव वाचून मराठी वाचकाला वाटावे की आत आपला गौरव असणार. आत आहे तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने 1742 पासून बंगालमध्ये मांडलेला उच्छाद. काव्याचे हस्तलिखित विसाव्या शतकाच्या आरंभी मैमनसिंहकडे मिळाले. त्यातले 'भास्कर-पराभव' हे पहिलेच कांड आज उपलब्ध आहे. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांचे इंग्रजी भाषांतर 1965 मध्ये निघाले, आणि बंगाली न येणाऱ्यांनाही ते वाचता येऊ लागले.

मी ते वाचले बंगळूरच्या बेळ्ळंदूरला राहायला आल्यावर. नोकरीसाठी आलेली मराठी आणि बंगाली घरे इथे भिंतीला भिंत लावून राहतात. शेजारच्या आजी नातवाला निजवताना जे जुने गाणे म्हणतात, त्यात बारगीर आल्याची धास्ती आहे आणि सारा कुठून भरायचा याची काळजी आहे. मी नागपूरची, हे त्यांना माहीत होते. अर्थ सांगताना त्या बिचाऱ्या अवघडल्या. ज्यांच्या नावाने बंगालची मुले पिढ्यान्‌पिढ्या झोपवली गेली ते आमच्याकडचे लोक, हे मनाशी धरूनच मी काव्य उघडले.

इतिहासाचा सांगाडा थोडक्यात असा. रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर 1742 च्या उन्हाळ्यात चौथाईसाठी बर्दवानवर आले. नबाबाच्या राजधानीत, मुर्शिदाबादेत, जगतशेठ या सावकारांची कोठी लुटली गेली, काटव्याला तळ पडला. 1744 मध्ये बंगालचा नबाब अलिवर्दीखान याने भास्करपंतांना मानकऱ्याला बोलणीसाठी बोलावून सरदारांसह मारले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. 1751 च्या तहात ओडिशाचा महसूल आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई नागपूर दरबाराच्या पदरात पडली. आपल्याकडे ही मोहीम बहुधा याच शेवटच्या वाक्यापुरती सांगितली जाते.

गंगाराम स्वारीचे वर्णन सुरू करतो ते माणसांपासून. बारगीर येत असल्याची बातमी फुटते आणि गावे रिकामी होऊ लागतात. इथे कवी घाई करत नाही. पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन निघतो, सोनार तराजू आणि वजने घेऊन, कासार तांब्यापितळेची भांडी घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. जिवावर बेतलेले असताना माणूस काय उचलतो, तर ज्यावर उद्या पोट भरायचे ते. एकेका ओळीत एकेक धंदा पुढे सरकत जातो आणि वाचता वाचता एक अख्खा समाज मुळासकट उपटला जाताना दिसतो. शस्त्रावर जगणारे राजपूत तलवारी टाकून पळतात. शेख, सय्यद, पठाण पळतात. दिवस भरलेल्या बायका वाटेवरच बसतात. जात, धर्म, प्रतिष्ठा यांतले काहीही या यादीत कुणाला वाचवत नाही. कवीने विशेषणे जवळजवळ वापरलेलीच नाहीत. नुसती नावे आणि नुसती ओझी आहेत, आणि तीच पुरतात.

मग घोडेस्वार येऊन पोचतात. हात तोडणे, नाककान कापणे, बायकांवरचे अत्याचार, पेटवलेली घरे हे सगळे कवी आडपडदा न ठेवता सांगतो. त्यातला रुपये मागण्याचा धोशा अंगावर येतो. ज्याच्यापाशी रुपये नाहीत त्याच्या नाकात पाणी भरतात, कुणाला तळ्यात बुडवतात. जळालेल्या गावांची यादी तर एखाद्या दप्तरातल्यासारखी कोरडी येते. ही मांडणी महत्त्वाची आहे. मारणाऱ्याबद्दल आपण काहीही विचार करण्याआधी मार खाणाऱ्यांबरोबर ती आपल्याला चार कोस चालवते. सैनिकाविषयी सहानुभूती बोलायची असेल तर ती या वाटेनेच यायला हवी.

आणि ती बोलायला हवी, कारण काव्यात एक जागा रिकामी आहे. सरदारांची नावे गंगाराम देतो, गावांची देतो. बारगीराला मात्र नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. मार खाणाऱ्यांच्या कवीकडून ते मागणे अन्यायाचे ठरेल. ते काम मराठी वाचकाचे आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगीराच्या मांडीखालचा घोडा आणि हातातली तलवार सरकारची किंवा सरदाराची असे. म्हणजे पायदळी तुडवलेल्या शेताच्या धन्यासारखाच हाही कुणबी. वऱ्हाडातून, नागपूर प्रांतातून निघालेला, घरापासून शेकडो कोस दूर. मुलूखगिरीवर पोसल्या जाणाऱ्या फौजेत पोट चालायचे ते लुटीवर. तहाचे बारा लाख दरबाराकडे गेले, त्याच्या घरी नाहीत. हे ध्यानात घेतले की गुन्ह्याचा मोठा हिस्सा वर, हुकूम सोडणाऱ्यांकडे आणि तो पैका मोजून घेणाऱ्यांकडे सरकतो.

पण सगळा सरकत नाही. चौथाई वसूल करा असा हुकूम असेल. नाकात पाणी कसे भरायचे हे कुठल्याही फर्मानात लिहिलेले नसते. ती युक्ती कुणाच्या तरी डोक्यातून निघाली, आणि ते नाक दाबून धरणारा हात कुणाचा तरी होता.

काव्याचे खरे सामर्थ्य मला दिसते ते इथेच. गंगारामाने कथेला पौराणिक चौकट दिली आहे. पापाच्या भाराने पृथ्वी गांजते, गाऱ्हाणे शिवापर्यंत जाते, आणि शिव नंदीला शाहूराजाच्या अंगी संचार करायला पाठवतो. तिथून चौथाईची मागणी निघते आणि फौज सुटते. म्हणजे बारगीर आला तो साक्षात देवाच्या आज्ञेने. याहून वरचा हुकूम नाही. तरीही पुढे भास्करपंतांची फौज ब्राह्मणांना, वैष्णवांना, बायकांना मारत सुटते तेव्हा दुर्गा कोपते आणि आपला कौल नबाबाच्या बाजूने फिरवते. ज्या देवीची पूजा भास्करपंतांनी 1742 च्या नवरात्रात काटव्याजवळ थाटामाटाने मांडली होती, तीच ही देवी. कवी त्या पूजेची टिंगल करत नाही. तिचा आधार घेऊन सुटका मात्र होऊ देत नाही. हुकूम देवाचा असला तरी हाताने केलेले हातालाच चिकटते, हा या काव्याचा निवाडा आहे.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात हेच सूत्र आहे. झोपलेल्या छावणीवर चालून जाण्याआधी अश्वत्थाम्याला शिव भेटतो, खड्ग देतो आणि त्याच्या देहात प्रवेश करतो. असे करू नकोस म्हणून रात्री समजावणारे कृपाचार्य पहाटेआधी त्याच छावणीच्या दाराशी पळणाऱ्यांना मारायला उभे असतात. देव अंगात आला होता म्हणून अश्वत्थाम्याचा शाप टळत नाही. तरी आपल्याकडे कितीतरी घरांत अभ्यंगाच्या वेळी तेलाचे थेंब जमिनीवर सोडतात, त्यांत अश्वत्थाम्याचा वाटा असतो. कपाळावरच्या जखमेसाठी तो दारोदार तेल मागत फिरतो, ही समजूत. तेल देणाऱ्या आजीला पांडवांची मारलेली पोरे ठाऊक असतात. तिने शाप मागे घेतलेला नसतो. ती जखमेवर तेल देते, एवढेच. सैनिकाविषयीच्या करुणेचे याहून नेमके रूप मला दुसरे सापडलेले नाही.

वेगळे वागता येते याची साक्षही आपल्याच घरात आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेल्या पत्रात, बेजबाबदारीने दाणागोटा संपवून रयतेच्या घरात शिरू नका, अशी सक्त ताकीद आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून गंजीला आग लावू नये इथपर्यंतची काळजी त्यात आहे. सैनिक त्याच मातीतले होते. फरक वरून येणाऱ्या धाकाचा आणि वेळेवर मिळणाऱ्या शिध्याचा. आणि वरचा धाक नसतानाही एखादा उभा राहतो. व्हिएतनाममधल्या मी लाय गावात 16 मार्च 1968 रोजी अमेरिकी सैनिक गावकऱ्यांना मारत असताना ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर दोघांच्या मध्ये उतरवले आणि काही जीव वाचवले. आपल्याच लोकांकडून त्याला बोल खावे लागले. सैन्याने त्याचे शौर्य पदक देऊन मान्य केले ते 1998 मध्ये. तिथे तो होता म्हणूनच बाकीच्यांना 'दुसरा इलाजच नव्हता' असे म्हणता येत नाही.

'महाराष्ट्र पुराण' वाचताना मराठी वाचकाला दोन पळवाटा दिसतात. एक, हे शत्रूकडच्या कवीने वाढवून लिहिले आहे. पण बर्दवानच्या दरबारचे पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांच्या संस्कृत 'चित्रचंपू'तही हेच स्वार आणि हीच क्रूरता आहे. दुसरी वाट, ते बारगीर राक्षस होते, आमचे नव्हते. ही वाट जास्त सोयीची आणि जास्त घातक. राक्षस ठरवलेल्याला जाब विचारता येत नाही, कारण त्याला वेगळे वागता आले असते हेच आपण नाकारून बसतो. बारगीराला माणूस म्हणून, आपला म्हणून ओळखले तरच त्याच्यापुढे गंगारामाची यादी ठेवता येते, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या दरबारापुढेही. पानिपतावर पडलेला स्वार आपला, तर काटव्याचाही आपलाच. मराठ्यांचा इतिहास शिकवताना चिपळूणचे पत्र आणि हे बंगाली काव्य एकाच तासाला, एकापाठोपाठ एक वाचून दाखवावे, असे मला मनापासून वाटते. आपण काय होऊ शकत होतो आणि काय झालो, हे तेव्हाच मुलांना एकत्र कळेल.