गेडचें नांव आणि तेनारचें नांव

बालपणीं आवडलेलें पुस्तक प्रौढ वयांत पुन्हा हातीं घेण्याची मनुष्यास थोडी भीति वाटते. तें पूर्वींइतकें चांगलें निघालें नाहीं, तर एक जुना स्नेही गमावल्यासारखें होतें. आणि पूर्वींपेक्षां चांगलें निघालें, तर त्या वेळीं आपण तें नीट वाचलेंच नव्हतें, असें कबूल करावें लागतें. अर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या 'अर्थसी' मालेचीं सहाही पुस्तकें आम्हीं गेल्या पावसाळ्यांत ओळीनें वाचून काढलीं, तेव्हां यांपैकीं दुसरा प्रकार आमच्या वांट्यास आला. पहिलीं तीन पुस्तकें आम्हीं बाराव्या-तेराव्या वर्षीं वाचलेलीं होतीं. खरें सांगावयाचें तर पहिलें आणि तिसरें वाचलें होतें. दुसऱ्याचीं नुसतीं पानें उलटलीं होतीं.

ज्यांस या मालेचा परिचय नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. १९६७ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील एका लहानशा प्रकाशनसंस्थेनें ल ग्विनबाईंकडे वाढत्या वयाच्या मुलांकरितां एक पुस्तक मागितलें. जुन्या कथांतले जादूगार नेहमीं पिकल्या दाढीचे असतात. मग ही दाढी येण्यापूर्वीं ते कसे होते, आणि आपली विद्या ते कोठें शिकले, असा एक साधा प्रश्न बाईंच्या मनांत आला. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे १९६८ सालचें 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. त्यापाठोपाठ १९७१ सालीं 'द टूम्स ऑफ अतुआन' व १९७२ सालीं 'द फार्देस्ट शोअर' हीं निघालीं. येथें माला पुरी झाली असें सर्वांस वाटलें. परंतु अठरा वर्षांनीं, १९९० सालीं, 'तेहानू' आलें. आणि २००१ सालीं 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह व 'दि अदर विंड' ही कादंबरी. ल ग्विनबाई २०१८ च्या जानेवारींत वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं वारल्या.

अर्थसी हें शेंकडों बेटांचें जग आहे, आणि तेथील सारी मंत्रविद्या नांवांवर उभी आहे. प्रत्येक वस्तूस एक व्यवहारांतलें नांव आणि एक खरें नांव. ज्यास खरें नांव ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. माणसांचेंही तसेंच. म्हणून तेथें खरें नांव जिवलग माणसापाशींच उच्चारतात. मराठी घरांत बारशाला आत्यानें बाळाच्या कानांत नांव सांगितलेलें आणि मुंजींत बटूच्या कानांत मंत्र सांगितलेला ज्यानें पाहिला आहे, त्यास ही कल्पना परकी वाटणार नाहीं. लेखिकेच्या घरींही या विषयाची एक विलक्षण गोष्ट होती. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. १९११ सालीं कॅलिफोर्नियांत आपल्या जमातीचा एकटाच उरलेला एक आदिवासी मनुष्य सांपडला, त्याच्याशीं क्रोबर यांचा निकट संबंध आला. आपलें नांव आपण उच्चारूं नये, ही त्याच्या लोकांची रीत. आणि तें उच्चारणारें दुसरें कोणी तर उरलें नव्हतें. तेव्हां त्याला 'इशी' म्हणूं लागले, ज्याचा अर्थ त्याच्या भाषेंत केवळ 'माणूस' असा होतो. त्याचें खरें नांव त्याच्याबरोबरच १९१६ सालीं गेलें. पुढें थिओडोरा क्रोबर, म्हणजे लेखिकेची आई, हिनें त्याचें चरित्र लिहिलें. अर्थसीच्या कल्पनेचें मूळ येथेंच आहे, असा दावा आम्ही करीत नाहीं. पण ज्या घरांत ही गोष्ट बोलली जात होती, त्या घरांतील मुलीस नांव ही किती गंभीर वस्तु आहे हें निराळें शिकवावें लागलें नसेल.

पहिल्या पुस्तकाचा नायक गेड हा गोंत बेटावरचा एका लोहाराचा मुलगा. रोक बेटावरच्या विद्यालयांत तो मंत्रविद्या शिकावयास जातो, आणि एका सहाध्यायाच्या ईर्ष्येनें मृतात्म्यास पाचारण करतो. त्या वेळीं जग फाटून एक काळी सावली आंत येते. ती बाहेर ठेवण्याच्या प्रयत्नांत विद्यालयाचा वृद्ध महागुरु मरतो. पुढें सावली गेडच्या पाठीस लागते, आणि अखेरीस गेड सावलीच्या पाठीस लागतो. दूर समुद्रांत दोघांची गांठ पडते, तेव्हां गेड तिला नांवानें हाक मारतो; तें नांव त्याचें स्वतःचेंच. बाराव्या वर्षीं आम्हांस हा शेवट फारसा रुचला नव्हता. एवढ्या पाठलागानंतर युद्ध नाहीं, शत्रूचा वध नाहीं, हें काय? आतां वाचतांना मधला भागच अंगावर आला. आपल्या हातून घडलेल्या एखाद्या गोष्टीपासून वर्षानुवर्षें पळत राहणें म्हणजे काय, हें बारा वर्षांच्या मुलास कोठून कळणार? त्याच्यापाशीं पळण्याजोगें कांहीं सांचलेलेंच नसतें.

याच पुस्तकाच्या बाबतींत आमची आणखी एक चूक उघडकीस आली. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी, त्याचा मित्र व्हेच काळा, आणि गोरे लोक म्हणजे लुटालूट करीत येणारे कार्ग, हें लेखिकेनें स्पष्ट लिहिलें आहे. तरीही लहानपणीं आमच्या डोळ्यांपुढला गेड गोरा होता! इंग्रजी पुस्तकांतला नायक दुसऱ्या रंगाचा असूं शकतो, हें आमच्या कल्पनेंतच आलें नाहीं. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर चित्रकारांनीं त्याला वारंवार गोरा रंगविलें, आणि २००४ सालच्या दूरचित्रवाणीवरील रूपांतरानेंही तेंच केलें; त्याबद्दल लेखिकेनें उघड निषेध केला. पण स्वतः सांवळ्या असलेल्या वाचकानें मनांतल्या मनांत तीच रंगरंगोटी केली, याचा निषेध कोणीं करावयाचा?

असो. मुख्य गोष्ट याहून निराळी आहे. गेडची आई तो वर्षाचा होण्यापूर्वींच गेली. त्याला पहिला मंत्र शिकविला तो आईच्या बहिणीनें. ही मावशी गांवची चेटकीण. तिची विद्या अर्धवट, पण पोराच्या अंगचा गुण पहिल्यानें ओळखला तिनेंच. आमची एक दहा वर्षांची भाची सध्यां हें पुस्तक वाचीत आहे. पहिलीं कांहीं पानें होतांच तिनें विचारलें, "मावशीचं नाव काय?" आम्हीं पानें चाळून पाहिलीं. ज्या पुस्तकांत खडे, पक्षी आणि वारे यांना खरीं नांवें आहेत, त्यांत ही बाई केवळ मावशी आहे. स्त्रियांच्या मंत्रविद्येस दुर्बळ ठरविणारी एक आणि दुष्ट ठरविणारी दुसरी, अशा दोन म्हणी गोंत बेटावर असल्याचें तेथेंच सांगितलें आहे, व त्या म्हणींस पुस्तकांत कोठेंही आक्षेप घेतलेला नाहीं. रोकच्या विद्यालयांत मुलींना प्रवेश नाहीं. या गोष्टी आम्हांस लहानपणीं खटकल्या नाहींत, आणि पहिल्या वेळीं लिहितांना लेखिकेसही खटकल्या नाहींत.

आतां दुसरें पुस्तक. अतुआन येथील काळोख्या देवस्थानाची पुजारीण ज्या रात्रीं मरते, त्या रात्रीं जन्मलेल्या मुलीला तिचाच पुनर्जन्म समजून आईबापांपासून तोडून आणतात, आणि तिचें तेनार हें नांव काढून घेतात. त्यानंतर ती 'आर्हा', म्हणजे भक्षिली गेलेली. जमिनीखालच्या भुयारांत दिव्याचीही बंदी. भिंती चांचपीत वाटा पाठ करावयाच्या. गेड तेथें एका मोडक्या कड्याचा अर्धा भाग शोधीत येतो, तिच्या हातीं सांपडतो, आणि शेवटीं तिला तिच्या मूळ नांवानें हाक मारतो. समुद्र नाहीं, गलबत नाहीं, नायक पुस्तकाच्या मध्यापर्यंत येतच नाहीं, म्हणून आम्हीं हें पुस्तक बाजूस टाकलें होतें. या खेपेस मात्र तें वाचून झाल्यावर बराच वेळ मिटून तसेंच हातांत धरून बसलों. आपल्याकडे लग्नांत ताटांत तांदूळ पसरून नवरा अंगठीनें वधूचें नवें नांव लिहितो, आणि मंडळी तें कौतुकानें वाचतात. आमचे मामा आमच्या आईला एका वेगळ्याच नांवानें हाक मारीत. तें माहेरचें लाडाचें नांव असें आम्ही समजत होतों. तिचें जन्मनांव तेंच होतें, हें आम्हांस ती गेल्यावर तिच्या शाळेच्या दाखल्यावरून कळलें. तिला त्याचें दुःख होतें कीं नव्हतें, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

'तेहानू' या चौथ्या पुस्तकांत तेनार मध्यमवयीन विधवा आहे. कथेंतलें थोरपण नाकारून तिनें एका शेतकऱ्याशीं संसार केला; गांवांत तिला 'गोहा' म्हणतात, जें त्या बेटावर एका लहान पांढऱ्या कोळ्याचें नांव आहे. तिनें एक पोर सांभाळलें आहे, जिला तिच्याच माणसांनीं आगींत टाकलें होतें. सारी शक्ति खर्चून बसलेला गेड महानागाच्या पाठीवरून तिच्या दारीं येतो, आणि राजाचीं माणसें त्याला न्यावयास येतात तेव्हां लाजेनें डोंगरावर पळून शेळ्या राखतो. हें पुस्तक निघालें तेव्हां पुष्कळ जुने वाचक रुष्ट झाले. आमच्या आवडत्या कथेंत लेखिकेनें मतप्रचार घुसडला, असा त्यांचा आरोप होता. १९९२ सालीं ऑक्सफर्ड येथें दिलेल्या एका व्याख्यानांत लेखिकेनें याचें उत्तर दिलें: वीरकथेची जी पुरुषप्रधान परंपरा तिला मिळाली, तींतच राहून तिनें पहिलीं पुस्तकें लिहिलीं होतीं, अर्थसी बदलली नाहीं, तिची पाहण्याची जागा बदलली. म्हणजे आपल्याच पुस्तकांचें प्रौढ वाचन तिनें आमच्याआधीं केलें, आणि तें वाचन पहिलीं पुस्तकें न खोडतां त्यांच्याशेजारीं ठेवून दिलें. हें धैर्य सामान्य नव्हे. कीर्ति मिळवून देणाऱ्या ग्रंथांतील उणीव दाखविण्याचें काम लेखक बहुधा टीकाकारांवर सोंपवितात.

'तेहानू' निर्दोष आहे असें मात्र नाहीं. त्यांतील दुष्ट मांत्रिक हा माणूस नसून द्वेषाचा पुतळा आहे; त्याला एकही खरा विचार दिलेला नाहीं. शेवटीं पोरीच्या हांकेसरशी महानाग येऊन त्याला संपवितो, हा उपाय फारच सोयीचा. पण मधलें सारें पुस्तक, चूल, भांडीं, जळक्या हाताला लावावयाचें तेल, दाराला घालावयाची कडी, रात्रीं बाहेर कोणी आहे का म्हणून ऐकत राहणें, हें एवढ्या सत्यतेनें लिहिलें आहे कीं पहिल्या पुस्तकांतील वादळें त्यापुढें फिकीं वाटतात. तेनारचा मुलगा समुद्रावरून परत येतो, आणि घरचें काम म्हणजे बायकांचें काम, असें धरून वागतो. त्याला असें कोणीं वाढविलें, हा प्रश्न तेनारला पडतो, आणि त्याचें उत्तर तिला ठाऊक असतें. ही जागा वाचतांना आम्हीं आमच्या जेवून उठलेल्या ताटाकडे पाहिलें.

तिसऱ्या पुस्तकांतील मृतांचा कोरडा प्रदेश मुलांना भीतिदायक वाटतो, मोठ्यांना त्याहून निराळा. तेथें तारे हलत नाहींत. दुःख नाहीं, पण ओळखही नाहीं. प्रेमापायीं मेलेलीं माणसें तेथें रस्त्यांत एकमेकांजवळून अनोळखी जातात. 'दि अदर विंड' मध्यें लेखिकेनें या प्रदेशाची दगडी भिंतच पाडली आणि मृतांना मोकळें केलें. अमरत्वाच्या लोभानें माणसांनीं रचलेला तो तुरुंग होता, असें तिनें ठरविलें. तर्कदृष्ट्या हें बरोबर आहे, आणि तिच्या विचाराचा ओघही तिकडेच होता. तथापि आमचें मन भिंतीच्या अलीकडेच राहिलें. ज्यानें कोणास पोंचवून येऊन रिकाम्या घराचें कुलूप उघडलें आहे, त्यास तो जुना निष्ठुर प्रदेश अधिक खरा वाटेल. सुटकेचें चित्र सुंदर असलें तरी तें थोडें घाईनें आलें आहे.

मात्र त्याच कादंबरीची सुरुवात आणि शेवट यांबद्दल आमची तक्रार नाहीं. राजाच्या बोलावण्यावरून तेनार आपल्या मुलीसह राजधानीस गेली आहे. एके काळचा महागुरु गेड, आतां मंत्राचा एक शब्दही चालवूं न शकणारा म्हातारा, गोंतवरच्या घरीं शेळ्या आणि भाजीचा वाफा सांभाळीत तिची वाट पाहत आहे. ती परत येते, आणि दरम्यान जगांत काय काय घडलें तें त्याला सांगूं लागते.