ठिपक्यांचा घोडा

गेल्या भाद्रपदात माझ्या पुतणीने अमेरिकेहून मला दोन छायाचित्रे पाठवली. दोन्हींत घोडा तोच, त्यावरची बाई तीच, संध्याकाळही तीच. सोबत एक ओळ होती : "काका, यांतले चांगले कोणते ते सांगा. माझी मर्जी राखू नका." छायाचित्रांच्या प्रदर्शनांवर पुष्कळ वर्षे लिहीत आलेल्या माणसाला घरातल्या मुलीने असे विचारले, की तो जरा सावरून बसतो. मीही चष्मा पुसून बसलो.

पुतणी वॉशिंग्टन राज्यात पुलमन या गावी शिकते. त्या मुलखाला पलूस म्हणतात. (आपल्या सांगली जिल्ह्यातले पलूस मनात येते खरे, पण ते वेगळे!) तिथे नजर जाईल तिथवर गव्हाच्या टेकड्या, आणि पलूस नावाची नदी. या नदीच्या नावावरूनच तिथल्या ठिपकेदार घोड्यांना 'अपालूसा' म्हणू लागले. नेझ पर्स नावाच्या मूळ रहिवाशांनी हे घोडे जोपासले. १८७७ च्या युद्धात त्यांचा पाडाव झाला आणि त्यांच्या घोड्यांचे कळप पांगले. पुढे १९३८ साली या जातीसाठी एक संघ निघाला आणि जात पुन्हा नावारूपाला आली. आपल्याकडे घोड्याच्या रंगाला अबलख, कुमाईत, पंचकल्याणी असे सुरेख शब्द आहेत. पण हा अबलख नव्हे. अबलखाच्या अंगावर मोठाले पट्टे असतात. याच्या पुठ्ठ्यावर जणू पांढरी शाल टाकलेली, आणि तिच्यावर कुणी बोटांनी काळे ठसे उमटवलेले.

असला घोडा टिपणे सोपे नाही. अंगावरचा काळा ठिपका कॅमेऱ्याला सावलीसारखा दिसतो आणि खरी सावली ठिपक्यांत हरवते, त्यामुळे जनावराची गोलाई नाहीशी होते. पांढऱ्यावर उजेड बेतला तर काळे बुजते, काळ्यावर बेतला तर पांढरे जळून जाते. पुतणीने उन्हे कलल्यावर बाजूने येणारा उजेड धरला, मागे कापणी झालेल्या शेताचा एकरंगी उतार घेतला, आणि बाईंना साधा निळा सदरा घालायला सांगितले. तिन्ही गोष्टी मला फार आवडल्या. पहिल्या चित्रात घोड्याचे पोट कसे भरीव, हात फिरवावा असे दिसते! ठिपक्यांच्या कडाही पाहण्यासारख्या आहेत. पांढऱ्या केसांखालची काळी कातडी कडेला किंचित झिरपते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती धूसर कडे उमटते. ते या चित्रात अचूक आले आहे.

दुसरे चित्र याच चित्रावर संगणकाने हात फिरवून केलेले. काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे केल्यामुळे ती धूसर कडी पुसली गेली आणि ठिपके शाईच्या डागांसारखे झाले. संगणकाला धुळीचे कण टिपून घे म्हटले, तर त्याने मानेवरचे बारीक ठिपकेही धूळ समजून टिपून घेतले. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! पण पुठ्ठ्यावरचे काही ठिपके 'गर्दी होते' म्हणून पुतणीने स्वतः काढले, नाकाभोवतीची गुलाबी-काळी चितकबरी कातडी एकरंगी केली, आणि डोळ्याभोवतीचे पांढरे काळवंडून टाकले. कारण त्यामुळे घोडा बुजल्यासारखा दिसतो. वास्तविक तो बुजलेला नाही. ते पांढरे, ते चितकबरे नाक, खुरांवरचे उभे पट्टे, ही या रक्ताची ओळखच आहे.

फ्रान्समध्ये पेश-मर्ल नावाची गुहा आहे. तिच्या भिंतीवर सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी कुणी ठिपकेदार घोडे रंगवले. ते ठिपके चित्रकाराच्या मनातले, असे काही पंडितांचे मत होते. २०११ साली ३१ प्राचीन घोड्यांचे अवशेष तपासले, तेव्हा त्यांतल्या सहांत ठिपक्यांचा वारसा सापडला. गुहेतला चित्रकार पाहिलेलेच रंगवीत असावा, असे मानायला त्यामुळे बळकटी आली. हातात भिंत आणि रंग असताना त्याने ठिपके ठेवले, आणि आपण यंत्र हातात घेऊन ते मोजून कमी करतो!

पण ठिपके ही किरकोळ गोष्ट. माझा खरा आक्षेप डाव्या डोळ्यावर आहे. पहिल्या चित्रात तो दुधाळ, निळसर आहे. या जातीच्या घोड्यांना डोळा पुन्हा पुन्हा सुजून नजर जाण्याचा रोग इतरांहून अधिक होतो. सत्तरीच्या त्या बाईंनी लगाम एका हातात धरला आहे आणि दुसरा हात घोड्याच्या मानेवर, डाव्या बाजूला टेकला आहे. त्याला न दिसणाऱ्या बाजूला आपण आहोत, हे त्या हाताने सांगत आहेत. दुसऱ्या चित्रात पुतणीने तो डोळा उजव्यासारखा काळाभोर केला. आता त्या हाताला काही कामच उरले नाही. फोटो काढायचा म्हणून ठेवलेला हात, एवढाच तो दिसतो. डोळा दुरुस्त झाला आणि चित्र आंधळे झाले.

हे मी अधिकाराने लिहितो असे कुणी समजू नये. माझ्या वडिलांच्या तोंडावर देवीचे वण होते. ते गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी त्यांचा फोटो मोठा करून घेतला, तेव्हा स्टुडिओतल्या गृहस्थाला मीच म्हणालो, "वण तेवढे काढा." त्याने काचेखालून उजेड सोडून मूळ निगेटिव्हवरच बारीक पेन्सिल चालवली. काम सुरेख झाले. आईने फोटो पाहिला, पदराने काच पुसली आणि काही बोलली नाही. आता दुसरा फोटो नाही, निगेटिव्हही तशीच. डाव्या गालावर वण अधिक होते की उजव्या, हे मला आठवत नाही. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून ते मोजत असे.

पुतणीला मी हे सगळे कळवले. तिचे उत्तर आले, "पण काका, पहिल्या चित्रात बाईंच्या डोक्यामागून विजेची तार गेली आहे. ती तरी काढू ना?" मी अडलो. एडवर्ड कर्टिस नावाच्या छायाचित्रकाराने १९१० साली पीगन लोकांच्या तंबूत दोघांचे चित्र घेतले आणि त्यांच्यामधले घड्याळ छापताना काढून टाकले; कारण ते लोक त्याला घड्याळाविना हवे होते. त्या घड्याळासाठी मी त्याला पूर्वी बराच दोष दिला आहे. तार म्हणजे घड्याळ नव्हे, हे मला पटते. पण का पटते, ते मला नीट मांडता येत नाही. शेवटी मी लिहिले, की बाईंनाच विचार.

बाईंनी पहिले चित्र घेतले. तार राहू द्या म्हणाल्या. त्या तारेवर बसणाऱ्या पाखरांना घोडा फुरफुरतो. मागे कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची बादली होती, ती मात्र त्यांनी काढायला लावली.