झाकलेला भात

पेरू देशात 'अरोस तापादो' नावाचा पदार्थ आहे. अर्थ सरळ आहे, झाकलेला भात. वाटीत शिजलेल्या भाताचा थर दाबायचा, त्यावर परतलेला खिमा, मनुके, ऑलिव्ह, उकडलेलं अंडं आणि वरून पुन्हा भात. वाटी ताटात पालथी केली की नुसती भाताची मूद दिसते. मटण आत.

रात्री दीड वाजता हा व्हिडिओ बघताना मला बीड आठवलं. पुण्यात ऑफिसमध्ये कुणी 'तुमच्या बीडचं स्पेशल काय?' विचारलं की मी 'बिर्याणी' सांगून मोकळा होतो. खोटं नाही ते. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मुस्लिम मित्रांच्या घरच्या लग्नांत मी कच्च्या गोश्ताची बिर्याणी भरपूर हाणलीय: खाली मसाल्यात मुरलेलं मटण, वर अर्धवट शिजलेला भात, झाकणाला कणकेची कड. पण जिल्हा ज्वारीचा. रोजच्या ताटात भाकरी. बिर्याणी हा आमचा वरचा थर आहे, बाहेरच्यांना दाखवायचा.

खालचा थर मला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात सापडला. त्यात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं आहे. रक्ती आहे. चान्या आहेत, म्हणजे मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवून ठेवलेल्या. फ्रिज नसलेल्या घराचं ते स्टोरेज. रेसिपी बुक समजून उघडाल तर फसाल. तेल, तूप, दूध ज्या चुलीपर्यंत पोचत नव्हतं, तिथली चव कशी घडली, हा त्याचा विषय आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी राज्यात गोहत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढवली गेली. त्यामुळे यातली काही पानं आता करून बघण्यासाठी उरलेली नाहीत, फक्त वाचण्यासाठी आहेत.

२०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आलं, 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. पुस्तक दूरवर पोचलं, याचा आनंदच आहे. माझी तक्रार नावाबद्दल आहे. मराठी नाव 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाशी भांडतं. एका 'अ'ने ते तुमच्या ताटाकडे बोट दाखवतं. इंग्रजी नाव मात्र फाईलवर लेबल लावावं तसं आहे: हे त्यांचं किचन, तुम्ही बाहेरून बघा. भांडण गेलं, माहिती राहिली.

आणि हे भांडण माझ्याशीही आहे. शाळेत माझ्या बाकावरचा मित्र बऱ्याचदा मधल्या सुट्टीत म्हणायचा, 'आज डबा नाही आणला.' आम्ही आपल्यातलं त्याला द्यायचो आणि स्वतःला मोठ्या मनाचे समजायचो. डबा त्याच्या दप्तरात असायचा, हे मला खूप उशिरा कळलं.

गेल्या दिवाळीत तो भेटला. मी उत्साहाने या पुस्तकाबद्दल सांगत सुटलो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईच्या हातचं तू कधी खाल्लंच नाहीस."

"तू बोलावलंस कधी?"

तो हसला. "आला असतास का?"

मी चहाचा कप उचलला. उत्तर अजून दिलेलं नाही.