यथार्थ एकच का?

सराफ्यात दिवसा सोन्याचा कस पाहिला जातो आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस खपतो. त्यावरून कोणी भांडत नाही. आमच्या घरांतील फडताळात मात्र ज्ञानेश्वरी (शके १२१२) आणि ‘गीतारहस्य’ (१९१५) शेजारी नांदत असता, गीतेचा खरा अर्थ कोणता, यावरून बापलेकांनी अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे.

वाद जुनाच. वामनपंडितांनी सतराव्या शतकात आपल्या टीकेस ‘यथार्थदीपिका’ म्हटले; इतरांस टोला नावातच आहे.

कस लावावा तो अठराव्या अध्यायातील, सर्व धर्म सोडून शरण ये म्हणणाऱ्या श्लोकावर. शंकराचार्य तेथे सर्वकर्मसंन्यास पाहतात. ज्ञानदेवांच्या मते टाकायचे ते धर्माधर्म उपजविणारे अज्ञान. शरण जाणे म्हणजे वेगळेपण न उरणे. टिळक म्हणतात, महाभारतात अन्यत्र सांगितलेले मोक्षाचे नाना मार्ग सोड, कर्म नव्हे. त्यांनी मीमांसकांची उपक्रम-उपसंहाराची कसोटी लावली आहे, आणि अर्जुन अखेर लढावयास उठतो, हा त्यांचा पुरावा आम्हांस बिनतोड वाटतो. पण तो अर्जुनापुरता. ज्ञानदेवांसमोर श्रोते बसले आहेत. त्यांच्या हाती धनुष्य नाही. त्यांना दिलेला अर्थ खोटा कसा म्हणावा?

मात्र ‘सोड’ एवढेच ऐकून ‘शरण’ गाळणारा अर्थ, मग तो ओसरीवरचा असो वा व्यासपीठावरचा, आम्ही चालवून घेणार नाही.