गंगेवरचा बाजार

नाशकात दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो. नाशिककराला या वाक्यात काही वावगं दिसत नाही. बाहेरून आलेला माणूस मात्र दोनदा अडखळतो. गंगा इथे कुठून आली, आणि नदीवर बाजार भरतो म्हणजे काय? गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. 'दक्षिणगंगा' हे त्यामागचं पोथीतलं कारण, पण बोलताना कुणाच्या मनात पोथी नसते. माझी आजी 'गंगेवर जाऊन येते' म्हणायची आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन परतायची. तिच्या दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडाकडे निघालो तेव्हा शेजारी सांगून गेलो तेही तसंच: गंगेवर जाऊन येतो. शब्द तेच होते. कुठला अर्थ घ्यायचा ते शेजाऱ्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं.

पुढे कॉलेजात काव्यशास्त्राचा पेपर आला. मम्मटाचा 'काव्यप्रकाश' अकराव्या शतकातला. त्यात, आणि या विषयावर लिहिणाऱ्या इतर अनेकांकडे, लक्षणेचं एक ठरलेलं उदाहरण येतं: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. मूळ संस्कृत शब्द 'घोष', म्हणजे गवळीवाडा. (घोष म्हणजे आवाजही, पण त्या वाटेला इथे कुणी जात नाही.) प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून सरळ अर्थाला बाध येतो. अभिधा थांबते. मग 'गंगा' म्हणजे 'गंगेचा काठ' असा अर्थ घ्यायचा, ही लक्षणा. आणि 'काठावर' असं सरळ न म्हणता 'गंगेवर' म्हटल्याने जो गारवा आणि पावित्र्य सुचतं, ती व्यंजना. सर फळ्यावर तीन खण आखून हे शिकवत होते आणि मागच्या बाकावर आम्हा गावठाणातल्या पोरांना हसू आवरत नव्हतं. पंडितांनी हजार वर्षं ज्यावर काथ्याकूट केला ते वाक्य आमच्याकडे भाजीवाल्या सहज बोलत होत्या.

फरक एवढाच की शास्त्रकारांच्या वाक्याला प्रयोजन आहे, आमच्या वाक्यात नुसती रूढी आहे. 'विहिरीवर', 'नळावर' म्हणावं तसं 'गंगेवर'. त्यात गारवा नाही आणि पावित्र्य तर मुळीच नाही. कोथिंबिरीच्या भावावरून हुज्जत आहे. वापरून वापरून दुसरा अर्थ इतका गुळगुळीत झाला आहे की तो दुसरा आहे हेही कुणाला आठवत नाही.

पूर आला की आठवतं. पावसाळ्यात गंगापूर धरण भरत आलं की वर्तमानपत्रात 'विसर्ग वाढवला' अशी बातमी येते. व्याकरणात विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं, पण नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये विसर्ग क्युसेकमध्येच मोजतात. (गंगापूर हे नावही आता बारकाईने वाचून पाहा.) मग लोक मारुतीकडे बघायला जातात. रामकुंडाजवळ नदीपात्रात दोन तोंडांचा मारुती उभा आहे, दुतोंड्या मारुती. एरवी कुणाला दुतोंड्या म्हटलं तर शिवी होते. हा मात्र गावातला सगळ्यात खरं बोलणारा. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला, गळ्याला, अशा भाषेत अख्खं गाव पूर मोजतं. तो बुडाला की नदीकाठच्या दुकानांतला माल वर चढवायला सुरुवात होते. आणि बुधवारच्या बाजाराची जागा त्या वेळी कुठे असते? नदीच्या आत. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर मुख्यार्थाचा बाध उठलेला असतो. गंगेवर बाजार हे वाक्य त्या दिवशी शब्दशः खरं होतं.

२०१६ च्या ऑगस्टमधला पूर मला यासाठी आठवतो. भांडी बाजारात माझ्या शाळेतल्या मित्राचं दुकान आहे. रात्री त्याचा फोन लागेना, म्हणून मी त्याला व्हॉट्सॲपवर कुसुमाग्रजांची 'कणा' पाठवली. दुसरं काय पाठवावं ते सुचलं नव्हतं, आणि त्या रात्री मलाही ती चार ठिकाणांहून आली होती. सकाळी पाणी ओसरल्यावर दुकानात पोचलो तर तो पायरीवर बसला होता. म्हणाला, "कविता पोचली रे. घमेलं आणलंयस का?"

घमेलं आणलं नव्हतं. त्याने एक दिलं. दिवसभर आम्ही गाळ उपसला. स्टीलची पातेली एकात एक बसवून ठेवलेली होती आणि प्रत्येक दोन पातेल्यांच्या मधे गाळाचा एक थर बसला होता. ती सुटी करताना मी ती कविता मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो, कारण शाळेत असताना ती पाठ होती, वक्तृत्व स्पर्धेत तिच्यावर एक कपही मिळवला होता. आणि पहिल्यांदाच वाटलं की आपण ही कविता कधी वाचलेलीच नाही.

ती सगळ्यांना ठाऊक आहे. पावसात भिजलेला, कपडे चिखलाने भरलेला एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो. घरात पूर शिरल्याचं हसत सांगतो. सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा पैसे नकोत म्हणतो, आणि पाठीवर हात ठेवून एक शब्द तेवढा म्हणा, असं मागणं करतो. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो, तेव्हा ती फळ्याफळ्यांवर येते. फळ्यावर बहुधा तिचा शेवटच येतो.

कवितेत गावाचं नाव नाही, त्यामुळे ती नाशिकची आहे असा हक्क मी सांगणार नाही, कवीची हयात इथे गेली असली तरी. पण नदीला त्यात जे नाव दिलं आहे ते 'गंगामाई'. विदर्भातला किंवा कोकणातला वाचक तिथे रूपक वाचत असेल, कुठल्याही नदीला आदराने गंगा म्हणावं तसं. आमच्याकडे ती रोजची हाक आहे. म्हणजे जिथे इतरांची कल्पना सुरू होते तिथे नाशिकच्या वाचकाची अजून झालेलीच नसते. त्याची सुरू होते पुढच्या शब्दापासून, नदीला पाहुणी आणि मग माहेरवाशीण म्हटल्यापासून. आणि तिथे एक विलक्षण गोष्ट घडते जी मी इतकी वर्षं पाहिली नव्हती. 'माई' म्हणजे आई. माहेरवाशीण ही मुलगी. जिच्यापुढे हात जोडायचे ती आता घरी आलेली लेक झाली, आणि लेकीला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. ओटी भरायची, साडीचोळी द्यायची. या माहेरवाशिणीने स्वतःच सगळं घेतलं, भिंतीसकट. मग जाताना तिने 'प्रसाद' ठेवला: पुन्हा देवी. मराठीत प्रसाद मिळणे म्हणजे मार खाणेही. दोन्ही अर्थ तिथे हजर आहेत आणि बोलणारा कुठल्या अर्थाने बोलतोय हे त्यालाही सांगता येणार नाही.

हा विनोद मला पूर्वी खोटा वाटायचा. घर वाहून गेलेला माणूस इतकं गोड कसं बोलेल, हे कवीचं बोलणं आहे, असं मी एका लेखात लिहिलंही होतं. ते मी मागे घेतो. त्या दिवशी भांडी बाजारात दर दुसऱ्या दुकानातून असलंच बोलणं ऐकू येत होतं. एकजण म्हणाला, "गंगाबाई सगळं बघून गेली, घेतलं मात्र काही नाही, नुसती हाताळून गेली." गिऱ्हाइकाला उद्देशून रोज वापरायचा शब्द त्याने नदीला वापरला होता.

आता 'संसार'. संतांकडे हा शब्द म्हणजे नश्वर प्रपंच, ज्यातून सुटायचं. बोलण्यात म्हणजे नवराबायकोचं नातं; 'त्यांचा संसार मोडला' म्हटलं की आपण घटस्फोट समजतो. तिसरा अर्थ सर्वांत साधा: भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, चूल. पंचनाम्याच्या सरकारी मराठीत 'संसारोपयोगी साहित्य' म्हणतात ते. कुसुमाग्रजांचा विद्यार्थी संसार मोडल्याचं सांगतो, आणि त्याआधीच त्याने सांगितलेलं असतं की बायको वाचली, ती बरोबर आहे, दोघं मिळून भिंत बांधताहेत. म्हणजे नात्याचा संसार शाबूत, तिसऱ्या अर्थाचा तेवढा मोडला. कविता वाचकाला एका शब्दातून तीन खोल्यांत फिरवते आणि कुठल्या खोलीत पाणी शिरलं ते बरोबर दाखवते. माझ्या मित्राच्या दुकानात लोक रुखवताची भांडी घ्यायला येतात. हातातलं पातेलं खंगाळताना हा मला शब्दार्थ वाटत होता.

'मोडणे' हे क्रियापदही तसंच. संसार मोडतो आणि कणा मोडत नाही, असं एकाच क्रियापदाने दोन्हीकडे मोजलं आहे. मराठीत नोट मोडतात, बोटं मोडतात, अडचणीत बाईच्या बांगड्या मोडतात. भांडी बाजाराला लागूनच सराफ बाजार आहे. पुरानंतरच्या आठवड्यात तिथे कुठला अर्थ चालत असेल ते सांगायला नको.

इथे एका मोहाबद्दल बोलायला हवं. 'कणा'मध्ये पाऊस आहे आणि विद्यार्थी 'सर' अशी हाक मारतो, तेव्हा हा पावसाच्या सरीवरचा श्लेष आहे, असं मला एका चर्चासत्रात ऐकायला मिळालं होतं. लोकांनी माना डोलावल्या. मला ते ओढूनताणून वाटतं. शब्दकोशात दोन अर्थ सापडले म्हणजे ओळीत दोन अर्थ आहेत असं होत नाही. विद्यार्थ्याच्या तोंडी त्या क्षणी शिक्षकाखेरीज कुणी नाही. श्लेषाबद्दलची आपली समजच शाळेने बिघडवली आहे. तिथे 'मित्र' म्हणजे सूर्य आणि दोस्त, मेघ 'जीवन' देतो म्हणजे पाणी आणि आयुष्य, अशी उदाहरणं घोटवून घेतात. मराठी माणूस तहान लागल्यावर जीवन मागत नाही. पाणी या अर्थाचं जीवन आता फार तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या पाटीवर उरलं आहे. पंडित कवींनी या खेळात कमाल केली, मोरोपंतांच्या कसबाला मी नाकं मुरडणार नाही. पण त्यातला दुसरा अर्थ कोशातून आणावा लागतो. संसार, प्रसाद, गंगा यांचे दुसरे अर्थ वाचकाच्या घरातच असतात. ते आणावे लागत नाहीत, म्हणून दिसतही नाहीत, आणि याच कारणाने 'कणा' ही अलंकार नसलेली सोपी कविता समजली जाते. सोपी ती आहेच. तिच्या सोपेपणाची फोड कुणी केली नाही, एवढंच.

उलट बाजूचंही नुकसान झालं आहे. शेवटच्या ओळींचं पोस्टर झालं आणि 'कणा' म्हणजे स्वाभिमान, 'पाठीवर हात' म्हणजे पाठिंबा, 'लढ' म्हणजे जिद्द, असे एकेक अर्थ कायम झाले. हे लाक्षणिक अर्थ चुकीचे नाहीत. पण कविता उलट्या दिशेने चालली आहे. खिशाकडे जाणारा हात हा आधी वाक्प्रचारातला हात असतो, मदतीचा, पैशाचा. विद्यार्थी त्याला अडवतो आणि खऱ्या पाठीवर खरा हात मागतो. घरातला गाळ उपसून आलेल्या माणसाची ती पाठ आहे. पोस्टरवर शब्द राहतो, हात जातो. आणि शब्द तर विद्यार्थ्याने स्वतःच सरांना पुरवलेला आहे. सर तो उच्चारतात का? कवितेत त्यांचं एकही वाक्य नाही. मागणं होतं आणि कविता थांबते. आपण सगळे, मीही त्या रात्री फोनवर, सरांच्या जागी उभे राहून 'लढ' म्हणतो, लांबून, हात कोरडे ठेवून.

संध्याकाळी शेवटचं घमेलं रस्त्यावर रिकामं करून मित्र उंबऱ्याशी वाकला तो वाकलेलाच राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "हां, तिथेच. जरा खाली. जोर लाव."